स्कोगकाट की सायबेरियन? थंडीच्या देशात मांजर आणण्याआधी

माझी मावसबहीण गेल्या वर्षी कॅनडात कॅल्गरीला राहायला गेली. तिथला पहिला हिवाळा काढल्यावर तिचा फोन आला, "ताई, लेकीला मांजर हवंय. केसाळ, दांडगं, बर्फाला न बिचकणारं. तुमच्यासारखं नॉर्वेचं आणू की सायबेरियन?" मला विचारायला कारण होतं. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या आमच्या घरात सात वर्षं भुऱ्या नावाचा नॉर्वेजियन बोका आहे. वरच्या मजल्यावरच्या रशियन आजी लेकीकडे गेल्या की त्यांची सायबेरियन भाटी मुस्या महिना महिना आमच्याकडे मुक्कामाला असते. बहिणीला फोनवर सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

फोटोत ही दोन्ही मांजरं सख्खी भावंडं वाटतात. गळ्याभोवती आयाळ, झुपकेदार शेपूट, बोटांच्या मधून डोकावणारे केस. दोन्हींचा बोका सहा-सात किलो सहज भरतो आणि पुरता वाढायला चार-पाच वर्षं घेतो. फरक ओळखायचा तर तोंड बघावं. नॉर्वेच्या मांजराचं तोंड त्रिकोणी, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत रेघ सरळ, डोळे बदामी आणि तिरके. सायबेरियनचं सगळंच गोल: डोकं, डोळे, पिंपासारखं अंगही.

स्वभावाकडे वळण्याआधी गोष्टींकडे वळते, कारण मला स्वभाव तिथेच नीट कळला.

नॉर्वेत या मांजराला 'स्कोगकाट' म्हणतात, म्हणजे सरळ 'रानमांजर'. ते जंगली मात्र नाही. शेतावरच्या कोठारात उंदीर धरत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं पाळीव मांजर आहे. आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास जुन्या नॉर्स देवकथा 'एड्डा'त लिहून ठेवल्या. त्यात फ्रेया देवीचा रथ दोन मांजरं ओढतात. ही देवी प्रेमाचीही आणि रणात पडलेल्या वीरांतला अर्धा वाटा घेणारीही. विकणारे हमखास सांगतात, 'हेच ते फ्रेयाचं मांजर.' स्नोरीने त्या मांजरांचा रंग, जात, नाव काहीच दिलेलं नाही. गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

मला त्याच पुस्तकातली दुसरी गोष्ट जास्त खरी वाटते. उटगार्ड-लोकी या राक्षसराजाच्या दरबारात थोर नावाच्या देवाला आव्हान मिळतं: हे करडं मांजर जमिनीवरून उचलून दाखव. थोर पोटाखाली हात घालून जोर लावतो, मांजर पाठीची कमान करतं, आणि एवढ्या बलवान देवाला जेमतेम एक पंजा वर उचलता येतो. ते मांजर म्हणजे पृथ्वीला वेढा घालून बसलेला महासर्प होता, हे त्याला नंतर कळतं. आमच्या भुऱ्याला कडेवर घ्यायला जा, मग ती गोष्ट कुठून आली असेल ते समजतं! तो स्वतःहून येतो, पायाशी बसतो, रात्री पांघरुणावर झोपतो. पण उचललेलं त्याला खपत नाही. स्कोगकाट बहुधा असंच असतं. माणसाजवळ राहायचं, पण स्वतःच्या अटीवर. आवाज मोजका. झाडावर चढणं हे याचं खरं कौशल्य, आणि उतरताना डोकं खाली करून खारीसारखं उतरतं.

रशियन लोककथांत कोट बायून आहे, लोखंडी खांबावर बसणारा राक्षसी बोका. 'बायून' म्हणजे बोलघेवडा, गोष्टी सांगणारा. त्याचा आवाज कानावर पडला की वाटसरूला झोप लागते आणि मग त्याची खैर नसते. पुढे रशियन कवी पुश्किनने ओकच्या झाडाभोवती सोन्याच्या साखळीवर फिरणारा पंडित बोका लिहिला. उजवीकडे वळला की गाणं म्हणतो, डावीकडे वळला की गोष्ट सांगतो. मुस्या जवळपास तशीच आहे. दारात किल्लीचा आवाज झाला की धावत येते आणि घशातून किर्र-किर्र करत दिवसभराचं सगळं सांगते. पाण्याच्या भांड्यात पंजा घालून खेळते, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत मागे मागे फिरते. लहान मूल घरात असेल तर ही सोबत मोठी आहे. मात्र दिवसभर घर रिकामं राहणार असेल तर सायबेरियन आणू नये. ते कंटाळतं.

आजींकडून कळलेली एक रीत मला फार आवडते. नव्या घराचा उंबरठा रशियात आधी मांजराने ओलांडायचा, मग माणसांनी. मांजर आडवं गेलं तर थांबणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे ऐकून किती बरं वाटलं! मांजरांची किंमत त्या देशाला कळलीही कठीण काळात. दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यात मांजरं संपली आणि उंदीर माजले, तेव्हा वेढा फुटल्यावर बाहेरून, आणि पुढे सायबेरियातूनही, मांजरं पाठवली गेली असं सांगतात. त्यांच्या आठवणीसाठी त्युमेन शहरात २००८ मध्ये सायबेरियन मांजरांचा चौक झाला, सोनेरी पुतळ्यांचा.

आता रोजच्या कामाचं. दोन्हींच्या अंगावर आत लोकरीसारखा दाट थर आणि वर तेलकट, पाणी न धरणारे लांब केस. सायबेरियनला मधला आणखी एक थर. हिवाळाभर आठवड्यातून दोनदा विंचरलं तरी पुरतं. वसंतात मात्र आतला थर गळू लागतो, तेव्हा तीन-चार आठवडे रोज फणी हवी, नाहीतर काखेत आणि मांड्यांमागे जटा होतात. यात दोघं सारखीच, म्हणून यावरून निवड करू नये.

निवड ठरावी ती दोन गोष्टींवरून. पहिली, शिंका. बहिणीच्या नवऱ्याला मांजरांची ॲलर्जी आहे, आणि 'सायबेरियनने ॲलर्जी होत नाही' हे तिने ऐकलं होतं. ॲलर्जी केसांनी होत नाही; लाळेतल्या आणि त्वचेतल्या 'फेल डी १' या प्रथिनाने होते. काही सायबेरियन मांजरांत ते कमी असतं, काहींत भरपूर. जातीवर भरवसा ठेवून चालत नाही, त्या एका मांजराजवळ बसून बघावं लागतं. नसबंदी न केलेल्या बोक्यात ते जास्त असतं, म्हणून भाटी किंवा नसबंदी केलेला बोका बरा.

दुसरी, आजार. स्कोगकाटमध्ये साखरेच्या साठ्याचा एक आनुवंशिक विकार आहे, जीएसडी ४. आई-बाप दोघंही वाहक असतील तरच पिल्लाला होतो. तो झालेली बहुतेक पिल्लं जन्मतःच जातात. जी वाचतात ती चांगली दिसतात आणि पाचव्या महिन्याच्या आसपास स्नायू ढासळू लागतात. हे बघणं फार वाईट असतं, आणि साध्या डीएनए चाचणीने टाळता येतं. आई-बापांचा तो अहवाल दाखवत नसतील तर पिल्लू कितीही गोड असलं तरी परत फिरावं. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार दोन्हींत दिसतो. त्यासाठी आई-बापांची हृदयाची सोनोग्राफी झाली आहे का, ते विचारावं.

पुण्या-मुंबईहून कोणी हेच विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे: दोन्ही नकोत. एसी लावून भागेल असं म्हणतात, पण मे महिन्यात वीज गेली की तो लोकरीचा अंगरखा त्या जिवाला काढून ठेवता येत नाही. कोकणातल्या दमटपणात तर नाहीच. आपल्या गल्लीतलं पिल्लू आणावं.

बहिणीला म्हटलं, सायबेरियन पाळणाऱ्याकडे नवऱ्याला घेऊन तीनदा जा, दर वेळी तासभर बस, मांजर मांडीवर घ्यायला सांग. डोळे चुरचुरले नाहीत तर सायबेरियनच आण, लेकीला बोलणारी मैत्रीण मिळेल. चुरचुरले तर स्कोगकाटचाही नाद सोड. ती पहिल्यांदा जाऊन आली आहे. नवरा दोनदा शिंकला, पण तो म्हणतो बाहेरच्या थंडीने. दुसरी फेरी येत्या शनिवारी आहे.