एरेबुनी संग्रहालय, येरेवान : शिलालेखवेड्यांनी अख्खा दिवस राखून ठेवावा

आर्मेनियाच्या सहलीत गार्नी, गेगार्द, सेवान सरोवर असतंच. शिलालेखांची आवड असेल तर त्यांच्या बरोबरीने येरेवानमधलं एरेबुनी संग्रहालय धरा. माझ्याकडून पाचपैकी पाच.

अरिन बेर्द टेकडीच्या पायथ्याशी १९६८ मध्ये हे उघडलं. मी गेले ती एका बेसाल्टच्या शिळेसाठी. ती १९५० मध्ये टेकडीवर सापडली. उरार्तू या प्राचीन राज्याचा राजा पहिला अर्गिश्ती तिच्यावर सांगतो की खाल्दी देवाच्या सामर्थ्याने मी हा एरेबुनी गड बांधला, राज्याच्या बळासाठी आणि शत्रूला धाक बसावा म्हणून. साल इ.स.पू. ७८२. येरेवान आपलं वय याच शिळेवरून मोजतं.

कोकणातले शिलाहारांचे लेख वाचताना झिजलेल्या अक्षरांशी झगडायची सवय आहे मला. इथली कोरणी बघून थक्क झाले. कीलाक्षरं, म्हणजे खिळ्यासारख्या खुंट्यांनी बनलेली अक्षरं, अश्शूरी लोकांकडून घेतलेली, पण कोरताना खुंट्या एकमेकींना छेदू द्यायच्या नाहीत. छेद येतो तिथे आडवी खुंटी तोडून दोन करायच्या. ओल्या मातीवर दाबलेल्या अक्षरांत छेद खपतो, दगडात तिथेच कपची उडण्याची भीती. पाथरवटाने लिपी दगडाला मानवेल अशी वळवून घेतली, हे समोर उभं राहिल्यावर लगेच डोळ्यांत भरतं.

नवख्यांनीही घाबरू नये. उरार्तूच्या लेखांत ठरावीक वाक्यं पुन्हापुन्हा येतात. देवाच्या नावाआधीची खूण ओळखा, मग खाल्दी सापडतो, पुढे ‘मेनुआचा मुलगा अर्गिश्ती’. म्युनिक विद्यापीठाचा उरार्तू लेखसंग्रह इंटरनेटवर मोफत आहे, लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतरासकट. जाण्याआधी तो नक्की चाळा. कित्येक लेखांच्या शेवटी शापवचन भेटेल: लेख फोडणाऱ्याचा खाल्दी, तेइशेबा आणि शिविनी नाश करोत. आपल्या गधेगाळी, म्हणजे शाप कोरलेले दगड, पाहिलेल्या माणसाला ते वाचताना फार जवळचं वाटतं.

मग टेकडी चढाच. सूसी नावाच्या उरार्तू पद्धतीच्या मंदिराच्या दाराशी अर्गिश्तीचा लेख जागेवरच आहे. ऊन तिरपं असताना जा, खुंट्यांच्या कडा उठून दिसतात.

शिळेवर नसलेली एक गोष्ट मात्र तुर्कस्तानात वानच्या कड्यावर, याच राजाच्या कोरीव वृत्तांतात आहे: हाते आणि त्सुपानी या प्रदेशांतून ६,६०० योद्धे आणून त्याने इथे वसवले. ते वाचून गेलात तर तटावर उभं राहून नुसत्या राजाचा विचार करवत नाही.