'हे चालेल का, मम्मी?' : मुलांची पुस्तकं आणि गेम निवडण्याचे दहा महिने

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर बँकेचे लागोपाठ नऊ मेसेज आले. प्रत्येक एकोणऐंशी रुपयांचा. माझ्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांनी एका फुकट मिळणाऱ्या मोबाइल गेममध्ये आपल्या बंदुकीला सोनेरी मुलामा देऊन घेतला होता. गेमचं नाव लिहीत नाही, तसल्या गेम पैशाला पासरी आहेत. रक्कम फार नव्हती. पण गव्हाणीतल्या बाळाची गाणी म्हणून चोवीस तास झाले नाहीत तोवर ही खरेदी, म्हणून घरात जे व्हायचं ते झालं. त्या आठवड्यात आम्ही ठरवलं, की पुस्तक असो की गेम, घरात येण्याआधी ते कुणीतरी मोठ्या माणसानं बघायचं आणि वहीत नोंदवायचं. आता ऑक्टोबर संपत आलाय. वही भरलीय, तर अनुभव लिहिते.

आधी आमची ओळख, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही ख्रिस्ती, पिंपरीत राहतो, मी नर्स आहे. घरात नवरा, मुलगा, अकरा वर्षांची लेक आणि सासूबाई. त्या श्रीरामपूरकडच्या खेड्यातल्या, रविवारची उपासना आयुष्यात मोजक्या वेळा चुकलेल्या. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पाळकसाहेबांना विचारलं तर त्यांनी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय, आठवं वचन दाखवलं: जे सत्य, जे शुद्ध, जे आदरणीय, त्याचं मनन करा. वचन सुंदर आहे. पण रात्री साडेदहाला मुलगा दारात उभा राहून 'हे चालेल का' विचारतो, तेव्हा त्या वचनावरून गेमचं नाव निघत नाही.

म्हणून परीक्षणाच्या साइट वापरायला लागले. मुख्य दोन. एक 'प्लग्ड इन', अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या 'फोकस ऑन द फॅमिली' या ख्रिस्ती संस्थेची. दुसरी 'कॉमन सेन्स मीडिया', तिचा धर्माशी संबंध नाही. पहिलीवर परीक्षणाचे ठरावीक कप्पे असतात: चांगलं काय, आध्यात्मिक काय, लैंगिक काय, मारामारी किती, शिव्या किती, दारू-सिगारेट किती. चित्रपटातल्या शिव्या तर अक्षरशः मोजून दिलेल्या असतात. डबा खाताखाता पाच मिनिटांत वाचून होतं, आणि मोठा धक्का बसायचा असेल तर तो आपल्याला आधी बसतो, हा फायदा खराच. 'ग्रँड थेफ्ट ऑटो 5' का नाही, हे मुलाला समजावताना मला स्वतः खेळून बघावं लागलं नाही, एवढ्यावरच मी या साइटची ऋणी आहे.

तसेच मारामारी, शिव्या वगैरेंचे रकाने मी वहीत आखले आणि जितकं जास्त तितके प्लस मांडायला लागले. पण दोनेक महिन्यांत लक्षात आलं की मोजदाद म्हणजे निवाडा नव्हे. लेकीनं हे माझ्याआधी ओळखलं. तिनं संडे स्कूलसाठी बायबलमधल्या शास्ते पुस्तकातला चौथा अध्याय वाचला होता. याएल झोपलेल्या सीसराच्या कानशिलात तंबूची मेख ठोकते, तो. तिनं वहीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग बायबलला किती प्लस?" मी रात्रपाळीला उशीर होतोय असं सांगून निघाले.

कॉमन सेन्सवर मला सर्वांत उपयोगी पडलं ते मुलांनी स्वतः लिहिलेलं. तिथं पालकांची मतं वेगळी आणि मुलांची वेगळी असतात. पालक 'फारच हिंसक' वगैरे लिहितात. तेरा वर्षांचं पोर लिहून जातं की गेम भारी आहे पण थांबताच येत नाही. मला त्या पोराकडची माहिती हवी असते.

प्ले स्टोअरवरच्या 3+, 7+, 12+ या आकड्यांबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे, कारण आमच्या महिला संघातल्या बऱ्याच जणी त्यावरच विसंबून आहेत. गेम बनवणाऱ्यानं भरलेल्या प्रश्नावलीतून तो आकडा निघतो. रक्त, नग्नता, भाषा यांचा तो अंदाज देतो. गेम पैसे मागतो का, अनोळखी माणसं मुलाशी बोलू शकतात का, हे बाजूला बारीक अक्षरांत असतं आणि तेच कुणी वाचत नाही. आमच्या घरात गेमपायी जे काही बिघडलं ते या बारीक अक्षरांतलं होतं. रक्तानं किंवा चेटकिणीनं आमचं काही बिघडवलं नाही.

यावरूनच 'बीजीएमआय'चा, म्हणजे पबजी या गोळीबाराच्या गेमच्या भारतीय आवृत्तीचा, निकाल लागला. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली, पुढच्या वर्षी जुलैत ही आवृत्ती आली, 2022 मध्ये स्टोअरवरून गेली आणि 2023 च्या मे महिन्यात परत आली, ती अठराच्या खालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घेऊन. मुलानं हा सगळा इतिहास मला वकिलासारखा ऐकवला. दिवसाला तीन तास! एवढा वेळ अभ्यासाला दिला असता तर मी पेढे वाटले असते. मी एक संध्याकाळ त्याच्या मित्राच्या फोनवर कान लावून बसले. गोळीबाराचं काही वाटलं नाही. हेडफोनमधून कुठल्यातरी गावच्या मोठ्या माणसाच्या आईबहिणीवरच्या शिव्या येत होत्या, त्या मात्र कुठल्याही परीक्षणात मोजता येणार नाहीत. तूर्त नाही, असं सांगितलं. तरुण संघातली निम्मी पोरं खेळतात, त्यामुळे रुसवा आजही आहे आणि तो मला मान्य आहे.

त्या जागी काय दिलं? 'स्टारड्यू व्हॅली'. 2016 ची, एका माणसानं एकट्यानं बनवलेली गेम. आजोबांनी मागं ठेवलेल्या पडीक शेतावर तुम्ही राहायला जाता. तण काढायचं, बी पेरायचं, रोज पाणी घालायचं. अठ्ठावीस दिवसांचा एक ऋतू. एकदा विकत घेतली की आत पुन्हा पैसे मागत नाही. इथं जरा रेंगाळते, कारण दहा महिन्यांत सर्वाधिक चर्चा या एका गेमवर झाली, आणि तीही सासूबाईंमुळे.

पहिल्यांदा त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या वाफ्याला पाणी घालायला पहाटे उठतोस, अन् गॅलरीतली तुळस वाळून गेली." (हो, आमच्याकडे तुळस आहे. खोकल्यासाठी.) हळूहळू त्या शेजारी बसायला लागल्या. गव्हानंतर काय लावावं यावर सल्ले सुरू झाले. आणि मग एक दिवस त्या गेममधला मांत्रिक आला, मनोऱ्यात राहणारा, काढा उकळून देणारा. सासूबाई उठून आत गेल्या. रात्री मला म्हणाल्या, "पोराला हे दाखवू नको."

मी मनातल्या मनात हसले. प्लग्ड इनवर आध्यात्मिक कप्प्यात जादूचे इशारे वाचून वाचून मी त्यांना सरावले होते. तिकडच्या काही लोकांना टोपीतला ससाही चालत नाही, अशी माझी समजूत झाली होती. पण सासूबाईंची भीती त्या साइटवरून आलेली नव्हती. त्यांच्या लहानपणी गावात देवऋषी होता. त्यांच्या धाकट्या भावाला ताप आला तेव्हा कुणीतरी करणी केली म्हणून लिंबं कापली गेली, अंगारे झाले, आणि दवाखान्यात न्यायला उशीर झाला. त्यांच्या वडिलांनी येशूला मानलं ते त्या भीतीतून सुटण्यासाठी. त्यांच्यासाठी मांत्रिक ही कल्पनेतली गंमत नाही, बांधापलीकडच्या घरातला माणूस आहे. महाराष्ट्राला 2013 मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तो काही उगीच नाही. हे ऐकल्यावर माझं हसू विरलं.

गेम बंद केली नाही. पण मुलाला त्यांच्यापाशी बसवलं आणि ती भावाची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. त्याला ती माहीतच नव्हती! चौदा वर्षं एका घरात राहून. आता मांत्रिकाचं काम असलं की तो आपणहून आजी झोपल्यावर करतो. त्याच गेममध्ये गावात दारूचं दुकान आहे आणि वाळवंटात जुगाराचा अड्डाही आहे, खोट्या नाण्यांचा. त्याबद्दल आजीला अजून कळलेलं नाही आणि मी सांगणार नाही.

गंमत अशी की त्यांच्या ट्रंकेत जॉन बनियन या जुन्या इंग्रज ख्रिस्ती लेखकाच्या यात्रेकरूच्या गोष्टीची मराठी प्रत निघाली. हे पुस्तक मराठीत 'यात्रिकक्रमण' म्हणून 1841 मध्येच आलं होतं, सासूबाईंची प्रत त्यानंतर कितीतरी वर्षांनी छापलेली. त्यातला नायक दलदलीत रुततो, पंखांच्या, खवल्यांच्या राक्षसाशी तलवारीनं लढतो, निराशा नावाच्या राक्षसाच्या किल्ल्यात कैद होतो. यावर आजीची काही तक्रार नाही. मुलगा वीस पानं वाचून म्हणाला, "मम्मी, हा तर गेमच आहे. लेव्हल आहेत." पुढं वाचलं नाही. भाषा जड आहे, त्याला दोष देत नाही.

दुसरा पेच 'राजी'चा. 2020 ची गेम, आणि बनवलेली आपल्या पुण्यात. राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघते, दुर्गा तिला त्रिशूळ देते, गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात. अमेरिकन चाळणीत ही गेम काय होईल ते सांगायला नको. पण आमची मुलं गणपतीत मित्रांकडे मोदक खाऊन येतात, आमच्याकडे नाताळात तीच पोरं करंज्या खायला येतात. त्यांच्या घरच्या देवाचं चित्र पाहून आमची श्रद्धा डळमळणार असेल तर ती आधीच डळमळीत होती. नवऱ्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, बघणं वेगळं आणि त्या देवीच्या शक्तीनं स्वतः लढणं वेगळं. यावर आमचं एकमत आजही नाही. मुलगा मित्राकडे जाऊन खेळला, आम्ही घरात घेतली नाही. वहीत त्या ओळीपुढं प्रश्नचिन्ह आहे. गेम दिसायला मात्र फार देखणी आहे.

'ख्रिस्ती' अशी पाटी असलेल्या गेमचा अनुभव निराशेचा. 1991 ची, नोहाच्या तारवात प्राणी उचलून भरायची जुनी गेम मुलानं यूट्यूबवर शोधली आणि लोळून हसला. 2006 मध्ये तर शेवटच्या काळावरची एक युद्धाची गेम आली होती, ख्रिस्ती कादंबरीमालेवरून, तिच्यातल्या मारामारीवरून ख्रिस्ती लोकांमध्येच वाद झाला. तेव्हापासून पाटी बघून मी काही घेत नाही.

एक मात्र वेगळी निघाली, 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'. 2016 ची. एका ख्रिस्ती जोडप्यानं आपल्या जोएल या मुलाच्या आजारावर बनवलेली, पाचव्या वर्षी तो गेला. तासा-दोन तासांत संपते. एका जागी बाप रात्री दवाखान्यात त्या रडणाऱ्या बाळाला घेऊन आहे. तुम्ही काहीही करा, रडणं थांबत नाही. शेवटी बाप प्रार्थनेला बसतो. मी लहान मुलांच्या वॉर्डात चार वर्षं काढलीत, तो आवाज मला माहीत आहे. मुलानं माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमच्या इथं असं झालं की तू काय करते?" आम्ही ती पुढं दोन दिवसांनी पूर्ण केली. लेकीला दाखवली नाही. तुम्हीही आधी एकट्यानं बघा, आणि घरात नुकतं कुणी गेलं असेल तर थांबा.

पुस्तकांचं त्या मानानं सोपं गेलं. नार्नियाची सात पुस्तकं लेकीला आवडली, फक्त त्यातला सिंह म्हणजे येशूचं रूप हे संडे स्कूलमध्ये कुणीतरी आधीच सांगून टाकलं होतं, त्याचा तिला अजून राग आहे. हॅरी पॉटरवर मंडळीत कुजबुज असते. मी सातवा भाग काढून दाखवला. हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातलं वचन कोरलंय, शेवटचा शत्रू मृत्यू नाहीसा होईल, ते. मंडळीतल्या कुजबुजणाऱ्या सिस्टर गप्प झाल्या. पटलं असेल असं नाही. ज्यूंना लपवल्याबद्दल नाझींच्या छळछावणीत गेलेल्या डच ख्रिस्ती कोरी टेन बूमच्या आठवणी मुलानं एका आठवड्यात संपवल्या. छळछावणीत पिसवा होत्या म्हणून पहारेकरी बराकीत यायचे नाहीत आणि बायबल वाचता यायचं, ही जागा त्यानं मला वाचून दाखवली.

आणि 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांची, पहिला भाग 1934 चा. हे कुठल्याही साइटवर नाही, त्यामुळे वहीतले सगळे रकाने मलाच भरावे लागले. मारामारी नाही, शिव्या नाहीत, प्लेग आहे. बालविवाह आहे. न सांगता घरातून निघून जाणारा नवरा आहे. ख्रिस्ती होण्यावरून मोडलेलं आणि पुन्हा सांधलेलं घर आहे. मी लेकीला रोज चार पानं वाचून दाखवायचे. सोवळ्याच्या गमतीला ती खिदळायची, मग मध्येच विचारायची की ह्या चिडत का नाहीत. पुढं ती माझी वाट बघेना, स्वतःच वाचायला लागली. मोठी माणसं नेहमी तिला 'पवित्र' पुस्तकं देतात आणि त्यात कुणी हसत नाही, अशी तिची तक्रार होती. ती इथं मिटली.

हिशोब विचाराल तर: दहा महिन्यांत वहीत एकतीस नावं. एकोणीसला हो, आठला नाही, चार अधांतरी. परीक्षणं मी अजून वाचते, पण 'नाही' म्हणायच्या वेळी जास्त. 'हो' म्हणायला मला अर्धा तास स्वतः खेळावं लागतं किंवा पन्नास पानं वाचावी लागतात, आणि तो वेळ रात्रपाळीनंतर काढणं जड जातं. महिन्याला सरासरी तीनेकच नावं होतात. मुलाच्या मते ही सर्वांत मोठी त्रुटी. पैशाला आळा घालायला त्याच्या खात्यातून खरेदीची परवानगी माझ्या फोनवर येते तसं लावून घेतलं. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

बत्तिसावं नाव काल आलं. लेकीचं आहे, स्टारड्यू व्हॅलीत तिला स्वतःचं शेत हवंय. आजीनं आधीच सांगून ठेवलंय की तिच्या शेतात पहिलं पीक ज्वारीचं. त्या गेममध्ये ज्वारी नाही, हे त्यांना कोण सांगणार यावर घरात चिठ्ठ्या टाकणं चालू आहे.