पुरुषांचं लघवीचं पॅड: दिवाळी ते होळी वापरून झाल्यावर

कॅन्सरमुळे प्रोस्टेट ग्रंथी काढल्यावर लघवीसाठी घातलेली नळी निघाली की गळती सुरू होते, हे डॉक्टर आधीच सांगतात. माझा पीएसए, म्हणजे कॅन्सर परतला का ते सांगणारी रक्ततपासणी, ०.१ च्या खाली आहे, कॅन्सरबद्दल तक्रार नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या परिणामाबद्दल लिहिणार नाही, सौ. वाचते.

आधी चड्डीसारखे डायपर आणले. शोषतात उत्तम, पण चार थेंबांसाठी एवढा महाग नग फेकायचा जिवावर येतं. मेडिकलवाला म्हणाला, "काका, बायकांचे पॅड न्या, २०१८ पासून त्यावर जीएसटीसुद्धा नाही." नेले. शिंकेसरशी लघवी एकदम येते, ती तेवढ्या झटक्यात त्यात जिरत नाही, कडेने ओघळते. मग खास पुरुषांचे मागवले, पुढे रुंद आणि मागे निमुळते. अंगासरशी चड्डी असेल तर झकास बसतात, सैल चड्डीत बोळा होतो.

पण ओलं पॅड टाकायचं कुठे? पुरुषांच्या स्वच्छतागृहात कचऱ्याचा डबाच नसतो! नाटकाच्या मध्यंतरात ते रुमालात गुंडाळून खांद्यावरच्या पिशवीत घातलं आणि दुसरा अंक तसाच पाहिला. घरी ठीक आहे. कागदात गुंडाळून लाल ठिपका काढला की कचरा नेणाऱ्या ताईंना कळतं. पण २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर आणि नॅपकिनसोबत गुंडाळायला पिशवी देण्याचं लिहिलं होतं ना? माझ्या पाकिटात नाही. कस्टमर केअरला फोन केला तर मुलगी म्हणते, "सर, पिशवी लेडीज पॅडमध्ये येते." वर पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन पाठवलं. वापरलं, सोडतो कशाला.

दोनच तारे देणार होतो. मधल्या काळात फिजिओथेरपिस्टने ओटीपोटाखालचे स्नायू आवळायला शिकवलं: उठण्याआधी, खोकण्याआधी. आता सकाळ कोरडी जाते. संध्याकाळी स्नायू दमतात, तेव्हा मात्र गळतं. पॅड कमी लागायला लागल्यावर पॅडवरचा रागही उतरला, म्हणून तीन तारे. चौथा पिशवी आल्यावर.

पॅड वाचवायला पाणी कमी पिऊ नका, घट्ट लघवीने मूत्राशय उलट चिडतं. मी फक्त दुपारचा चहा सोडला. आणि स्वस्त पडतं म्हणून सुरुवातीलाच जम्बो पॅक घेऊ नका. माझा अर्धा माळ्यावर पडलाय, आणि उघडलेलं पाकीट दुकानदार परत घेत नाही.