माझदा एमएक्स-५, दोन हंगामांनंतर: आता पोर्शे ७१८ घ्यायची का?

माझदाची एमएक्स-५, ही दोन सीटची, उघडणाऱ्या छपराची गाडी दोन हंगाम चालवली की तिच्या बहुतेक मालकांना जो प्रश्न पडतो, तोच मलाही पडलाय. आता जास्त ताकदीची गाडी घ्यायची का? मी श्टुटगार्टला राहते. पोर्शेचं मुख्यालय इथल्याच त्सुफेनहाउझेन भागात आहे, त्यामुळे पुढची पायरी कोणती हे कुणाला विचारायला जावं लागत नाही: उघडणाऱ्या छपराची ७१८ बॉक्स्टर, नाहीतर तिचीच बंद छपराची बहीण केमन. गेले काही महिने डोक्यात तेच चाललंय. दोन वेगवेगळ्या ७१८ चालवून पाहिल्या, पैशांचा हिशेब मांडला, आणि आता मत पक्कं झालंय म्हणून लिहायला बसले.

आधी माझी गाडी. २ लिटरचं इंजिन, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नाही, १८४ हॉर्सपॉवर, २०५ न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअर मॅन्युअल, ताकद मागच्या चाकांना आणि वजन जेमतेम एक टन. कंपनीचा शून्य ते शंभरचा आकडा ६.५ सेकंद. या पिढीची गाडी २०१५ मध्ये आली तेव्हा हेच इंजिन १६० हॉर्सपॉवरचं होतं आणि ६८०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) संपायचं. २०१८ च्या बदलात ते १८४ वर गेलं आणि ७५०० पर्यंत फिरायला लागलं. स्टिअरिंग पुढेमागे सरकवायची सोयही त्याच वेळी आली. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे बघूनच घ्यावी. उंच माणसाला आधीच्या गाडीत गुडघे आणि स्टिअरिंग यांचं जमवताना त्रास होतो.

माझी नंबरप्लेट हंगामी आहे, मार्च ते ऑक्टोबर. कर आणि विमा त्या महिन्यांपुरताच भरायचा, बाकीचे महिने गाडी गॅरेजमध्ये झाकून. जर्मनीत दुसरी गाडी म्हणून दोन सीटची गाडी ठेवणं परवडतं ते या सोयीमुळे.

आता मुद्द्याचं. इथे गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर. माझं खरं चालवणं होतं ते याच रस्त्यांवर, श्वेबिश आल्बच्या डोंगरात किंवा ब्लॅक फॉरेस्टमध्ये. बाडेन-बाडेनहून फ्रॉइडनश्टाटकडे जाणारा बी ५०० महामार्ग तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण सुट्टीच्या दिवशी तिथे मोटरसायकलींची रांग असते आणि बऱ्याच पट्ट्यात मर्यादा ७० ची. त्याच्या बाजूच्या दऱ्यांमधले छोटे रस्ते जास्त चांगले. तिथे एमएक्स-५ दुसऱ्या गिअरमध्ये शेवटपर्यंत पिळली तरी वेगाचा काटा शंभरच्या आसपासच जातो. म्हणजे इंजिनाचा सगळा आवाज, सगळी ओढ कायद्याच्या चौकटीत राहून वापरता येते. वळणाआधी ब्रेक, टाचेने थ्रॉटलला हलका धक्का, तिसऱ्यातून दुसरा. गिअरचा दांडा इतका आखूड आहे की नुसतं मनगट वळवलं तरी गिअर खटकन बसतो. आत शिरताना गाडी थोडी कलते, बाहेरच्या चाकावर वजन गेलेलं पाठीला कळतं, आणि मग थ्रॉटल किती द्यायचा हे आपोआप समजतं. हा कल काहींना आवडत नाही. मला त्यामुळेच गाडी कळते.

मग ७१८. पहिली चालवली ती एका सहकाऱ्याची साधी केमन: २ लिटर, चार सिलिंडर, टर्बो, ३०० हॉर्सपॉवर, ३८० न्यूटन-मीटर. वजन सुमारे १३३५ किलो. ही गाडी वेगवान आहे यात वादच नाही. इंजिन सीटच्या पाठीमागे, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये बसवलेलं असल्यामुळे वळणात ती अशी काही फिरते की माझी गाडी त्यापुढे सैल वाटते. ब्रेकही एका वेगळ्याच दर्जाचे. पण चार सिलिंडरचा आवाज रुक्ष आहे, आणि टर्बोमुळे सगळा जोर मधल्याच आरपीएमला येऊन जातो. वर न्यावंसं वाटत नाही.

दुसरी शनिवार-रविवारसाठी भाड्याने घेतली. बॉक्स्टर जीटीएस ४.०, २०२० साली आलेली: सहा सिलिंडर, ४ लिटर, टर्बो नाही, ४०० हॉर्सपॉवर, ७८०० आरपीएम, मॅन्युअल. पाच हजाराच्या वर त्या इंजिनाचा जो सूर लागतो तो मी विसरणार नाही. इतकं सुंदर इंजिन मी आजवर चालवलेलं नाही. मात्र त्याच दरीत, त्याच वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये तो सूर नीट लागेपर्यंत काटा शंभर ओलांडतो, आणि गिअर संपतो तेव्हा सव्वाशेच्या पुढे असतो. पोर्शेने मॅन्युअलचे गिअर लांब ठेवलेत. गाव सोडल्यापासून पुढचं गाव येईपर्यंत मी ते इंजिन अर्ध्यावरच धरून चालवत होते. जिच्यासाठी एवढे पैसे मोजायचे ती गोष्ट माझ्या नेहमीच्या रस्त्यावर दोन-तीन सेकंद मिळते, ती पण लायसन्स पणाला लावून.

ताकद कमी पडते का? पडते, आणि कुठे पडते तेही सांगते. गेल्या उन्हाळ्यात इटलीत स्टेल्व्हिओ घाट चढले. २७५७ मीटर उंची, प्रातो गावाच्या बाजूने ४८ हेअरपिन, म्हणजे उलटं फिरवणारी वळणं. तिथवर हवा जवळजवळ पाव हिश्शाने विरळ होते, आणि टर्बो नसलेलं इंजिन तेवढीच ताकद गमावतं. माझ्या १८४ चे वरच्या वळणांत १४० च्या आसपासच उरले असणार. हेअरपिनमधून बाहेर पडताना पहिला टाकू की दुसरा असं व्हायला लागलं. ३०० हॉर्सपॉवरची टर्बोवाली केमन तिथे खरंच उजवी ठरेल, कारण टर्बो विरळ हवेची बरीच भरपाई करतो. जीटीएसचंही इंजिन टर्बोविना, तेही तेवढ्याच प्रमाणात खाली येणार. फक्त ४०० मधून पाव गेले तरी ३०० उरतात.

दुसरी जागा आउटोबान, म्हणजे जर्मनीचे द्रुतगती महामार्ग. ए ८ वरून म्युनिककडे जाताना १३० ते १५० ला माझी गाडी खुशाल चालते. १८० च्या पुढे कापडी छपरावर वाऱ्याचा एवढा आवाज होतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. ७१८ मध्ये त्याच वेगाला निवांत गप्पा मारता येतात. सामानाचंही तेच. माझी डिकी १३० लिटरची, त्यात दोघांचं वीकएंडचं सामान कसंबसं बसतं. बॉक्स्टरला पुढे १५० आणि मागे १२५ लिटर, अशा दोन डिक्या आहेत. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांनी हे आधी बघावं, हॉर्सपॉवर नंतर.

बाबा पुण्याहून आले होते तेव्हा त्यांना आल्बमध्ये फिरवून आणलं. आयुष्यभर फियाट घेऊन खंबाटकी घाट चढलेला माणूस. घरी पोचल्यावर मी विचारलं, "बाबा, उतरायला हात देऊ का?" तर म्हणाले, "नको गं. उतरायचंच नाहीये. त्या चढावर परत चल, आणि या वेळी जरा पिळ तिला." त्या चढावर आम्ही ऐंशीच्या वर गेलोच नव्हतो.

पैशांचं थोडक्यात सांगते. चांगली वापरलेली जीटीएस ४.० मला माझ्या गाडीच्या साधारण तिप्पट किमतीला दिसते. एमएक्स-५ चे टायर २०५ मिलिमीटर रुंदीचे. साध्या ७१८ लाच पुढे २३५ आणि मागे २६५ लागतात, टायरचा खर्च त्या मानाने वाढतो. पेट्रोल मला शंभर किलोमीटरला सातेक लिटर लागतं, जीटीएसने माझ्या हातात दहाच्या वर घेतलं. नवी गाडी घेण्याचा पर्याय तर उरलेलाच नाही: सायबरसुरक्षेच्या नव्या नियमांमुळे २०२४ मध्ये युरोपियन युनियनमध्ये पेट्रोलवरच्या साध्या ७१८ ची आणि जीटीएसची विक्री थांबली. त्यामुळे वापरलेल्या गाड्यांच्या किमती लवकर उतरतील असं मला वाटत नाही.

माझं ठरलंय. एमएक्स-५ ठेवायची. या हंगामात तिला चांगले टायर आणि जास्त तापमान सोसणारे ब्रेक पॅड घालायचे, आणि हॉकेनहाइमच्या रेसट्रॅकवर एक दिवसाचं ड्रायव्हिंग प्रशिक्षण घ्यायचं, कारण ही गाडी पूर्ण वापरायला मला अजून शिकायचंय. आमचं वर्षातलं निम्मं फिरणं आल्प्सच्या पलीकडे व्हायला लागलं, किंवा मी नियमित ट्रॅकवर जायला लागले, तर बॉक्स्टर जीटीएस ४.० घेईन, आणि मॅन्युअलच घेईन.

तुम्ही याच विचारात असाल तर ७१८ शोरूमभोवतीच्या चकरेत पारखू नका. दोन दिवसांसाठी भाड्याने घ्या, तुमच्या रोजच्या रस्त्यावर न्या, आणि दुसऱ्या गिअरमध्ये काटा कुठवर जातो ते बघा. चार आणि सहा सिलिंडर दोन्ही चालवा. नाव एकच असलं तरी गाड्या वेगळ्या आहेत. आणि १६० हॉर्सपॉवरची जुनी एमएक्स-५ असेल, तर पोर्शेच्या आधी १८४ वाली एकदा नक्की चालवा.