गाडीखाली काम करायचं: खड्डा बरा की लिफ्ट?
गाडीखाली शिरायचं तर गॅरेजात दोन सोयी असतात: जमिनीतला खड्डा किंवा दोन खांबांची हायड्रॉलिक लिफ्ट.

खड्ड्यात गाडी अंगावर कोसळायची भीती फार कमी, कारण चाकं जमिनीवरच असतात. ट्रक-बससाठी तो सोयीचाही. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचते आणि तिथेच पोरगा साधा बल्ब लावलेला हँडलॅम्प घेऊन पेट्रोलचा फिल्टर खोलत असतो. बल्ब फुटला की भडका! एलपीजीही तसाच साचतो (सीएनजी मात्र वर जातो). शिवाय उघड्या खड्ड्यात माणसं पडतात ते वेगळंच.

लिफ्टवर गाडी असली की हवा खेळती, उजेड भरपूर, पाठही ताठ. मात्र लिफ्टचे पॅड (गाडीला खालून उचलणारे टेकू) गाडीच्या कंपनीने दाखवलेल्या जागीच बसले पाहिजेत. गाडी वीतभर उचलून हलवून बघा, मगच वर न्या आणि लॉकवर, म्हणजे लिफ्टला खाली घसरू न देणाऱ्या खटक्यावर, टेकवा. गिअरबॉक्स उतरवला की तोल बदलतो. तेव्हा आधाराचा स्टँड हवाच.

कारच्या गॅरेजला मी लिफ्टच सुचवेन, पण खालचं काँक्रीट बोल्ट धरण्याइतकं मजबूत असेल तरच. खड्डाच असेल तर काम नसताना तो झाका, हवा खेचणारा पंखा लावा आणि पेट्रोलच्या टाकीचं काम तिथे करूच नका.