एलसी काढली आणि दोन्हीकडची जागा गेली

माझ्या धाकट्या भावाचं बीएस्सीचं पहिलं वर्ष पुण्यात झालं. मे २०२४ मध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना उठवणं-बसवणं आईला एकटीला झेपेना, म्हणून दुसऱ्या वर्षाला त्यानं गोव्यात यावं असं घरात ठरलं. आम्ही पेडण्याचे. म्हापशात कॉलेज मिळालं असतं तर त्याला रोज घरून जाऊन-येऊन करता आलं असतं.

भावाच्या मित्राच्या ओळखीनं एक माणूस म्हापसा बसस्टँडजवळ भेटला. "ताई, सेकंड इयरच्या सीटा बाहेर जाहीर होत नाहीत, आतून भरतात," म्हणाला. पहिल्या वर्षानंतर कुणी सोडून गेलं तरच पुढच्या वर्गात जागा रिकामी होते, हे मला माहीत होतं. त्यामुळे त्याचं बोलणं पटलं. विद्यापीठ बदलतंय, विषय जुळतील का, असं विचारलं तर त्यानं भावाचा एबीसी आयडी, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या खात्याचा नंबर, मागितला. "क्रेडिट बँकेत जमा आहेत ना? मग ती आपोआप इकडे येतात. आता नवीन शिक्षण धोरण आहे, ताई."

ते तसं नसतं. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये मिळवलेल्या क्रेडिटची, म्हणजे पास केलेल्या विषयांच्या श्रेयांकांची, नोंद राहते, एवढंच. त्यातली किती धरायची, हे नवं विद्यापीठ अभ्यासक्रम पडताळून ठरवतं. आणि क्रेडिट धरली तरी वर्गात जागा लागतेच. पण एवढे शब्द सफाईनं बोलणारा माणूस खोटा असेल, असं मनात आलं नाही.

पंधरा हजार त्याच्या खासगी नंबरवर जीपे केले, पंचवीस हजार रोख दिले. पावती म्हणून वहीच्या कागदावर 'कागदपत्र खर्च' एवढंच लिहून दिलं. बारावीची मूळ मार्कशीटही घेतली. मग म्हणाला, "आधी पुण्याहून एलसी काढून आणा, त्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही." एलसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. पैशांपेक्षा मोठं नुकसान या एका वाक्यानं केलं. भाऊ रात्रीच्या बसनं पुण्याला गेला, अर्ज देऊन एलसी घेऊन आला. त्या दिवसापासून तो कुठल्याच कॉलेजचा विद्यार्थी नव्हता.

जुलैत 'ना हरकत पत्र' हातात आलं. लेटरहेड, गोल शिक्का, सही, सगळं होतं. ते घेऊन मी आणि भाऊ कॉलेजच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं, जावक नोंदवही काढली आणि बोटानं एकेक ओळ उतरत गेल्या. पत्रावरचा क्रमांक वहीत दुसऱ्याच पत्रापुढे होता. मग त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. १४ जुलै. रविवार. "बाय, हें पत्र आमचें न्हय," एवढंच त्या म्हणाल्या. भाऊ बाहेर येऊन पायरीवर बसला. कितीतरी वेळ काही बोललाच नाही.

त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलिसांतही दिली. पण पैसे जाऊन महिना उलटला होता. फसलोय हे कळताक्षणी १९३० लावा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आले तर आले.

कॉलेज बदलायचं असेल, तर आधी स्वतः नव्या कॉलेजच्या ऑफिसात जा. तुमच्या विषयाला जागा आहे का, हे लेखी घ्या. विद्यापीठही बदलत असेल, तर पहिल्या वर्षाच्या मार्कशीट आणि अभ्यासक्रमाची प्रत नेऊन पात्रतेचं विचारा. मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे विद्यापीठ बदलताना जुनं विद्यापीठ देतं तो दाखला, कधी लागेल, तेही तिथेच कळेल. फी कॉलेजच्या खात्यातच भरा आणि छापील पावती घ्या. मूळ कागद दाखवा, पण अशा कुणाच्या ताब्यात देऊ नका. आणि लेखी होकार हातात येईपर्यंत एलसी मागू नका, कुणी कितीही घाई केली तरी.

पुण्याच्या कॉलेजात भावाची जागा अजून भरली नव्हती. प्राचार्यांना भेटून, सगळं सांगून, अर्ज करून त्याला परत घेतलं. तोवर दीड महिन्याचे तास बुडाले होते. मार्कशीटच्या दुसऱ्या प्रतीसाठी मी पर्वरीला बोर्डात अर्ज दिला. बाबांना उठवायला आता शेजारचे काका सकाळ-संध्याकाळ येतात. भाऊ महिन्यातून एकदा येतो, तेव्हा ते काम तो कुणाला करू देत नाही.