खट् की घूंऽ: क्रॉस गेला की डिफ्रन्शियल?

जुन्या टाटा १६१३ ट्रकच्या पोटाखालून आवाज यायला लागला की पहिले संशयित दोन: प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे फिरत जाणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याच्या सांध्यातला अधिक-चिन्हासारखा तुकडा, आणि डिफ्रन्शियल, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधला गिअरसंच.

क्रॉस गेला असेल तर गाडी उठताना ‘खट्’ वाजतं. रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडला की परत खट्. ग्रीस आटलेला क्रॉस हळू चालीत चिवचिवतो, वेग वाढला की चिवचिव जलद होते. डिफ्रन्शियल मात्र एका सुरात घुमतं. एक्सलरेटर दाबला की एक सूर, पाय काढला की दुसरा. बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी फट) वाढला तर तेही खट् करतं, म्हणून नुसत्या कानावर जाऊ नका.

क्रॉस तपासायला खर्च शून्य. सपाट जागा, इंजिन बंद, चाकांना पुढून-मागून ठोकळे, गिअर न्यूट्रल. खाली शिरून शाफ्ट दोन्ही हातांनी पिळा. क्रॉसच्या एका बाजूचा योक (क्रॉसला धरणारा दुबेळका) हलतो आणि दुसऱ्या बाजूचा हलत नाही, तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, तिथेच आहे. क्रॉसच्या टोकांवरच्या बेअरिंग-कपाच्या कडेला तांबूस पूड दिसली तर उरलीसुरली शंकाही मिटली. शाफ्टला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर त्याच फेरीत बघून घ्या.

डिफ्रन्शियल तपासायला त्याचं तेल काढावं लागतं. तेल काढायच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा मऊ काळा लगदा चालतो. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर हौसिंग (डिफ्रन्शियलचं कवच) उघडायचंच. क्राउन-पिनियन (आतले एकमेकांत बसणारे दोन मुख्य गिअर) जोडीनेच बदलतात, सेटिंग चुकलं तर नवा सेटही रडतो. खर्चाचं तर बोलायलाच नको.

गॅरेजवाला थेट हौसिंग खोलायला निघाला, तर आधी शाफ्ट हलवून दाखव म्हणा.